आधी दोष

"आधी दोष सांगतो," म्हणाले हमजा खलफे,
"गुण काय, दिसतीलच."
आणि ताडपत्री ओढून काढली नाही,
टोकाला टोक लावून दुमडली,
दर्ग्यावरची चादर दुमडावी तशी.

एम.जी., दोन जागांची, पासष्ट सालची,
सोड्याच्या बाटलीसारखी हिरवी.
छप्पर म्हणजे काळं कापड, तीन कांबी
आणि लावणाऱ्याचा संयम.

पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला की खोटं बोलतो.
दुसरा गिअर सकाळी रुसतो, मग विसरतो.
डावं दार वरून खाली दाबायचं, ढकलायचं नाही.
आणि मागे सीट नाही, बाय,
माझ्या तिन्ही पोरांचा
हिच्यावर राग होता तो एवढ्यासाठीच.

मी बर्फ विकते. पलीकडे, वेलदूरला.
अमोनियाचा कॉम्प्रेसर बिघडणार असेल
तर मला आदल्या रात्री झोपेत कळतं.
म्हणून बॉनेट उघडल्यावर मी पाहिलं नाही,
डोळे मिटले.
त्यांनी रबरी नळीचं एक टोक माझ्या कानाला दिलं,
दुसरं एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या:
तोच श्वास. तेवढाच श्वास.
चाळीस वर्षं बोटींची इंजिनं सांभाळलेला माणूस
स्क्रू पाव आटा फिरवायला
सबंध शुक्रवार दुपार देत असे.

तरी मी बॅटरी घेऊन खाली शिरले.
या किनाऱ्यावर लोखंडाचं काय होतं, मला ठाऊक आहे.
इथं कडी-कोयंड्यालासुद्धा वय असतं.
पण तळ काळाभोर, चिकट, अखंड.
नखानं खरवडलं: गंज नाही.
वास ओळखीचा.

काजूच्या टरफलाचं तेल.
होडीला लावतात ते.
दर मे महिन्यात दोन हात, म्हणाले,
ब्रश पोचत नाही तिथं बोटांनी.
आणि तळवे पुढे केले सहज,
वेळ विचारल्यावर मनगट पुढे करावं तसे.
त्या तेलानं साल जाते. पुन्हा येते, पण तशी नाही.
गाडीवर एक डाग नव्हता.

माझ्याकडे दोन पाकिटं होती,
एक बोलीचं, एक हट्टाचं.
नवरा म्हणाला होता, पहिलंच काढ, मग गप्प बस,
गप्प बसणाऱ्याला स्वस्त मिळतं.
मी दोन्ही ठेवली, चहाच्या कपाशेजारी.
त्यांनी मोजले नाहीत.
वही आणली.

वहीत सगळं:
तारीख, मैल, काय केलं.
मैलच, कारण घड्याळ मैलांचं,
आणि इंजिनियरनं घड्याळाशी वाद घालू नये.
शेवटची नोंद त्याच सकाळची: तेल पाहिलं. ठीक.
खाली रेघ. पुढचं पान कोरं.

धक्क्यावर ते गाडीत बसले नाहीत.
उतारावर पुढे, उलटे चालत राहिले,
फेरीबोटीच्या जबड्याकडे पाठ करून,
दोन्ही हातांनी मला बोलावत,
येऊ दे, येऊ दे, थोडी डावीकडे, येऊ दे.
मग तळवा उभा केला.
"बास."
एवढंच. आणि लोखंडी फळी वर जाण्याआधी
माझ्या बाजूनं उतरून गेले.
मी आरशात शोधलं. आरसा लहान आहे हिचा.

एका बाजूला चिऱ्याचा ट्रक, दुसऱ्या बाजूला
रिकाम्या टोपल्या घेतलेली एक बाई.
"अगो, हिचं छप्पर कुठं गेलं?"
आहे, म्हटलं, मागे दुमडून ठेवलंय.
"मग घाल की. पाणी उडतंय."
उडत होतं.
वाशिष्ठीचं अर्धं गोडं, अर्धं खारं,
काचेवर, सीटवर, वहीच्या पुठ्ठ्यावर.
घरी गेल्यावर विहिरीच्या पाण्यानं धुवायची,
साबण नाही, ते त्यांनी दोनदा सांगितलं होतं.

मी चाकावर वही टेकवली.
दाभोळचा धक्का मागे सरला,
धोपावे जवळ येत गेलं,
गाडी खाडी ओलांडत होती
आणि घड्याळ जागचं हललं नव्हतं.

पहिली नोंद माझ्या अक्षरात:
दाभोळ ते धोपावे. मैल शून्य.
छप्पर उघडं.
काटा अर्ध्यावर आहे, म्हणजे माहीत नाही.